स्मरणाचा भार आणि निर्णयाचा भार: वैयक्तिक कार्यनियोजनाच्या ॲपची निवड

वैयक्तिक कार्यनियोजनाचे ॲप म्हणजे एका व्यक्तीने करावयाच्या कामांच्या नोंदी ठेवणारे, त्या नोंदींना तारीख, वर्ग किंवा अग्रक्रम जोडू देणारे आणि वेळ आली की त्यांची आठवण करून देणारे साधन होय. ठरलेल्या वेळी घडणाऱ्या गोष्टी दिनदर्शिका सांभाळते, माहिती टिपणवहीत राहते आणि अनेक माणसांत वाटलेले काम प्रकल्प-व्यवस्थापनाची सॉफ्टवेअरे पाहतात. या तिन्हींच्या मध्ये जे उरते, म्हणजे वेळ न ठरलेले पण विसरून चालणार नाही असे सर्व काही, ते या ॲपांचे क्षेत्र आहे. विम्याचा हप्ता, अर्धवट राहिलेला अहवाल, डॉक्टरांना विचारायचा प्रश्न आणि कधीतरी शिकायचा म्हणून मनात ठेवलेला तबला या सर्वांना तेथे एकाच प्रकारची ओळ मिळते, आणि या क्षेत्रातील बहुतेक अडचणींचा उगम या एकरूपतेतच आहे.

अशा ॲपांची संख्या मोठी आहे, कारण साधी कार्ययादी तयार करणे हे प्रोग्रामिंग शिकणाऱ्याच्या पहिल्या धड्यांपैकी एक मानले जाते. जावास्क्रिप्टच्या निरनिराळ्या चौकटींची तुलना करण्यासाठी उभा राहिलेला 'टूडू-एमव्हीसी' हा उपक्रमदेखील समान नमुना म्हणून कार्ययादीच वापरतो. त्यामुळे निवड करू पाहणारा माणूस साहजिकच तुलनेच्या तक्त्यांकडे वळतो आणि कोणत्या ॲपात उपकामे आहेत, कोणत्यात रंगीत खुणा आहेत, कोणते घड्याळावर चालते हे पाहू लागतो. या तक्त्यांची उणीव अशी की ते दोन वेगळ्या गरजा एकाच स्तंभात मांडतात. एक गरज स्मरणाची आहे: काय करायचे होते ते योग्य क्षणी समोर यावे. दुसरी निर्णयाची आहे: समोर आलेल्या अनेकांतून आज काय करायचे आणि काय सोडून द्यायचे हे ठरावे. पहिला भार ॲप खरोखर उचलू शकते; दुसरा ते उचलत असल्याचा भास बऱ्याचदा निर्माण करते. पुढील आढाव्यात हा भेद कसोटी म्हणून वापरला आहे.

स्मरणाच्या बाजूने मानसशास्त्राने बरेच काही सांगितले आहे. घडून गेलेल्या गोष्टी आठवणे वेगळे आणि पुढे करायची गोष्ट योग्य वेळी आठवणे वेगळे. या दुसऱ्या क्षमतेला भविष्यलक्षी स्मृती म्हणतात, आणि १९९० मध्ये आइन्स्टाइन व मॅकडॅनियल या संशोधकद्वयाने तिच्या अभ्यासात घटनेवर आधारलेले स्मरण व वेळेवर आधारलेले स्मरण असा भेद केला. औषधाचे दुकान दिसताच औषध घ्यायचे आठवणे हे पहिल्या प्रकारचे, तर दुपारी चार वाजता फोन करायचे आठवणे हे दुसऱ्या प्रकारचे. वेळेवरच्या स्मरणाला बाहेरचा कोणताही संकेत नसल्यामुळे ते माणसाला तुलनेने जड जाते, आणि फोनचा गजर नेमकी तीच उणीव भरून काढतो. घटनेवरच्या स्मरणासाठी काही ॲपे ठिकाणावर आधारित सूचना देतात, परंतु 'सदाशिव पेठेतील बँकेजवळ गेल्यावर' ही अट जितकी सहज बांधता येते तितकी 'भावाशी बोलणे होईल तेव्हा' ही बांधता येत नाही. अशा कामांसाठी सूचनेऐवजी त्या व्यक्तीच्या नावाची एक यादी ठेवणे आणि भेटीपूर्वी ती उघडणे हाच मार्ग उरतो.

अर्धवट कामे मनात रेंगाळतात या अनुभवाला शास्त्रीय रूप देण्याचे श्रेय ब्लूमा झायगार्निक यांना दिले जाते. बर्लिन विद्यापीठात कुर्ट लेविन यांच्या मार्गदर्शनाखाली केलेल्या आणि १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत, मध्येच थांबवलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक आठवली. पुढच्या पुनरावृत्तींमध्ये हा परिणाम सातत्याने मिळाला नाही. त्याच गटातील मारिया ओव्सियान्किना यांनी दाखवलेली, सोडलेले काम पुन्हा हाती घेण्याची ओढ मात्र अधिक टिकाऊ ठरली. कार्ययादीच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा अभ्यास मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांचा, २०११ मधला आहे. अपूर्ण उद्दिष्टांचे विचार दुसऱ्या कामात अडथळा आणतात, परंतु ते उद्दिष्ट कधी आणि कसे गाठायचे याचा नेमका बेत आखू दिला की काम प्रत्यक्षात न होताही तो अडथळा ओसरतो, असे त्यांना आढळले. 'अमुक परिस्थिती आली की तमुक करीन' अशा जोडबंद संकल्पांवर पीटर गोल्विट्झर यांनी केलेले काम हेच सांगते. त्यांनी आणि पास्काल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास केला, तेव्हा अशा संकल्पांचा उद्दिष्टपूर्तीवरील परिणाम मध्यम ते मोठा असल्याचे दिसले.

यातून ॲपनिवडीसाठी निघणारा निष्कर्ष तक्त्यात कधीच सापडत नाही. 'घराची कागदपत्रे' अशी दोन शब्दांची नोंद मन मोकळे करत नाही, कारण तीत बेत नाही. 'शनिवारी तलाठी कार्यालयातून सातबाराचा उतारा आणणे' ही नोंद करते. शिवाय ती नोंद ज्या ठिकाणी ठेवली ते ठिकाण नियमितपणे पाहिले जाईल याची मनाला खात्री असावी लागते, अन्यथा मन ती स्वतःजवळही ठेवून घेते आणि एकाच कामाचे ओझे दोन जागी राहते. म्हणून नोंद किती झटकन करता येते आणि यादी किती सहज डोळ्यांसमोर येते हे दोन गुण इतर सर्व वैशिष्ट्यांहून वरचे ठरतात. ज्या ॲपात नवी नोंद करण्यासाठी आधी प्रकल्प, मग वर्ग, मग अग्रक्रम विचारला जातो ते कितीही सुंदर असले तरी या कसोटीवर मागे पडते.

कार्ययादीची आजची रूपे बऱ्याच अंशी एका पुस्तकाच्या प्रभावाखाली घडली. डेव्हिड ॲलन यांचे 'गेटिंग थिंग्ज डन' हे पुस्तक २००१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातील पद्धतीचे पाच टप्पे असे: डोक्यातील सर्व काही एका ठिकाणी उतरवणे, प्रत्येक नोंदीचा अर्थ लावणे, ती योग्य यादीत ठेवणे, याद्यांचा ठरावीक काळाने फेरआढावा घेणे आणि मग काम करणे. दोन मिनिटांत होणारे काम न नोंदता लगेच उरकावे, एकापेक्षा अधिक पावले लागणाऱ्या प्रत्येक गोष्टीला प्रकल्प समजावे आणि त्याचे पुढचे प्रत्यक्ष पाऊल लिहून ठेवावे, ही त्यातली सर्वाधिक पसरलेली सूत्रे होत. फ्रान्सिस हेलीघन आणि क्लेमाँ व्हिडाल यांनी २००८ मध्ये या पद्धतीची बोधनशास्त्राशी सांगड घातली आणि बाहेरच्या साधनावर स्मरण सोपवल्याने मेंदूचा भार कसा हलका होतो हे मांडले. सिअॅटलच्या ओम्नी ग्रुपचे 'ओम्नीफोकस' आणि श्टुटगार्टच्या कल्चर्ड कोडचे 'थिंग्ज' ही दोन्ही ॲपे या विचाराच्या छायेत वाढली; पहिल्यात प्रत्येक प्रकल्पाचा फेरआढावा किती दिवसांनी घ्यायचा हे स्वतंत्रपणे ठरवता येते, आणि पद्धतीचा सर्वांत कष्टाचा, म्हणूनच सर्वांत आधी सुटणारा टप्पा ॲपच्या रचनेतच बसवल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. ही दोन्ही मुख्यतः ॲपलच्या उपकरणांपुरती आहेत, त्यामुळे भारतातील बहुसंख्य अँड्रॉइड वापरणाऱ्यांसाठी ती चर्चेपुरतीच राहतात.

या क्षेत्रात सर्वांत कमी चर्चिला जाणारा आणि रोजच्या वापरात सर्वांत जास्त परिणाम करणारा मुद्दा तारखेचा आहे. एका कामाला वस्तुतः तीन तारखा असू शकतात: ते सुरू करणे शक्य होईल ती, ते करण्याचा बेत आहे ती, आणि त्यानंतर उपयोग नाही ती अंतिम मुदत. प्राप्तिकर विवरणपत्राचे उदाहरण घेतले तर नोकरदाराला कंपनीकडून फॉर्म १६ मिळेपर्यंत काम सुरू करण्यात अर्थ नसतो, बेत एखाद्या रविवारचा असतो आणि मुदत सरकारने ठरवलेली असते. बहुतेक साध्या ॲपांत या तिन्हींसाठी एकच रकाना असतो. माणूस त्यात बेताची तारीख टाकतो, तो दिवस हुकतो, नोंद लाल होते, आणि अशा पंधरावीस लाल नोंदी जमल्या की खरोखर मुदत संपत आलेले एक काम त्यांच्यात दिसेनासे होते. लाल रंगाला अर्थ राहिला नाही की यादीवरचा विश्वास जातो आणि वर सांगितलेला मनःशांतीचा लाभही त्याबरोबर जातो. थिंग्जमध्ये कामाचा दिवस आणि मुदत हे दोन वेगळे रकाने आहेत. ओम्नीफोकसमध्ये काम विशिष्ट दिवसापर्यंत दृष्टिआड ठेवता येते. 'टूडूइस्ट' या ॲपनेही बरीच वर्षे एकाच तारखेवर काढल्यानंतर मुदतीची वेगळी सोय केली. ज्याच्याकडे मुदतीची कामे बरीच आहेत, उदाहरणार्थ वकील, कर सल्लागार किंवा अनुदानासाठी अर्ज करणारा संशोधक, त्याने हा एकच प्रश्न विचारून निम्मी ॲपे बाजूला ठेवावीत असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

आवर्ती कामांचेही असेच आहे. घरभाडे दर महिन्याच्या १ तारखेलाच द्यायचे असते, मग मागचे उशिरा दिले असले तरी; पाण्याच्या गाळणीचे नळकांडे मात्र मागच्या वेळी बदलल्यापासून काही महिन्यांनी बदलायचे असते. पहिले आवर्तन दिनदर्शिकेला बांधलेले, दुसरे काम पूर्ण झाल्याच्या दिवसाला. टूडूइस्ट आणि ओम्नीफोकस हा भेद पाळतात. अनेक साधी ॲपे फक्त पहिला प्रकार जाणतात आणि परिणामी उशिरा केलेले काम लगेच पुन्हा समोर उभे राहते.

मराठी घरांना या ठिकाणी आणखी एक अडचण येते. ॲपांची आवर्तनाची व्यवस्था ज्या 'आयकॅलेंडर' मानकातून आली आहे, त्याची आज प्रचलित असलेली आवृत्ती २००९ ची आहे आणि तिचा पाया ग्रेगोरियन कालगणना हा आहे. तिथीनुसार येणारी वर्षश्राद्धे, संकष्टी, एकादशी किंवा गणपतीची तयारी तीत बसत नाही: गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली. मूर्तीची नोंदणी किंवा कोकणातील गाडीचे आरक्षण या चतुर्थीपासून मागे मोजून ठरतात, आणि 'दर वर्षी' असा पर्याय निवडून ती कामे ॲपवर सोपवता येत नाहीत. इतर कालगणनांसाठी २०१५ मध्ये या मानकाला पूरक नियम जोडले गेले असले तरी सामान्य कार्ययादीच्या ॲपांत तिथीची सोय सहसा आढळत नाही. त्यामुळे १९७३ पासून निघणारे 'कालनिर्णय' भिंतीवर असलेल्या घरात, वर्षाच्या आरंभी त्यातील मोजक्या तिथी पाहून त्या वर्षापुरत्या तारखा ॲपात हाताने भरणे हाच व्यवहार्य उपाय ठरतो. परदेशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर तिथी कोणत्या दिवशी धरायची हा प्रश्नही स्थानिक सूर्योदयामुळे वेगळा सोडवावा लागतो.

आता निर्णयाच्या भाराकडे वळता येईल. माणसे अग्रक्रम ठरवण्यात कच्ची असतात, असे ॲपांच्या जाहिराती गृहीत धरतात. परंतु पालो आल्टो संशोधन केंद्रातील व्हिक्टोरिया बेलोटी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेल्या क्षेत्रीय अभ्यासात याच्या उलट दिसले. माणसांजवळ अग्रक्रमाच्या बऱ्यापैकी घोटून तयार झालेल्या युक्त्या असतात, आणि त्यांच्या याद्या कागद, ईमेल, टेबलावरची वस्तू अशा अनेक माध्यमांत विखुरलेल्या असतात. चूक प्रामुख्याने होते ती अंदाजात. कानमन आणि ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये ज्याला नियोजनभ्रम म्हटले, तो म्हणजे आपल्या कामाला लागणारा वेळ कमी धरण्याची प्रवृत्ती, आणि ती पूर्वानुभवाने फारशी सुधारत नाही. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांच्या १९९४ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३३.९ दिवसांत पूर्ण होईल असा अंदाज दिला आणि प्रत्यक्षात ५५.५ दिवस लागले. सर्व काही बिघडले तर किती दिवस लागतील, या प्रश्नाला त्यांनी दिलेले ४८.६ हे सरासरी उत्तरही अपुरे पडले. ज्या साधनात नोंद करण्याला काहीच मोल पडत नाही, तेथे हा भ्रम रोज थोडाथोडा साठतो आणि काही महिन्यांत यादी शेकडो ओळींची होते.

या साठ्यावर ॲपांनी शोधलेले उपाय पाहण्यासारखे आहेत. मायक्रोसॉफ्ट टू डूमधील 'माय डे' ही दिवसाची यादी रोज मध्यरात्री रिकामी होते. राहिलेली कामे मूळ यादीत सुरक्षित राहतात, पण आज काय करायचे हे सकाळी पुन्हा हाताने निवडावे लागते. ही किंचित गैरसोय हेतुपूर्वक ठेवलेली आहे आणि ती या क्षेत्रातील सर्वांत शहाण्या रचनांपैकी एक मानायला हरकत नाही, कारण ती निर्णय माणसाकडेच ठेवते आणि काल हुकलेल्याचे ओझे आजच्या पानावर आणत नाही. दुसरा उपाय कानबान फलकाचा आहे. टोयोटाच्या कारखान्यांत ताईची ओनो यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत काम एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जाताना दिसते आणि एका वेळी हाती किती कामे असावीत यावर मर्यादा असते. २०११ मध्ये आलेल्या 'ट्रेलो'ने फलक, स्तंभ व पत्ते हे तिचे दृश्यरूप लोकप्रिय केले. ही मर्यादाच पद्धतीचा गाभा असून ती न पाळता केवळ पत्ते सरकवणाऱ्याला रंगीत यादीपलीकडे काही मिळत नाही. अलीकडे काही ॲपे दिनदर्शिकेतील मोकळ्या जागा पाहून कामे आपोआप बसवून देतात. त्यांचे गणित माणसाने दिलेल्या कालावधीच्या अंदाजावर चालते, आणि अंदाजच चुकीचा असेल तर वेळापत्रक कितीही चतुराईने पुन्हा रचले तरी ते त्या चुकीचीच नीटस मांडणी असते.

निवडीत टिकाऊपणाचा विचार सर्वांत उशिरा येतो, वस्तुतः तो आधी यायला हवा. 'ॲस्ट्रिड' हे अँड्रॉइडवरील लोकप्रिय कार्ययादीचे ॲप याहूने २०१३ मध्ये विकत घेतले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बंद केले. बर्लिनमधील 'वंडरलिस्ट' मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये घेतले, २०१७ मध्ये टू डू आणले आणि ६ मे २०२० रोजी वंडरलिस्टला पूर्णविराम दिला. वापरकर्त्यांना आपल्या याद्या नव्या ॲपात नेण्याची सोय मिळाली, पण ज्या साधेपणासाठी त्यांनी ते निवडले होते तो जसाच्या तसा मिळाला असे अनेकांना वाटले नाही. 'एव्हरनोट' हे टिपणांचे ॲप नव्या मालकाकडे गेल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये विनामूल्य वापर ५० टिपणे आणि एका वहीपुरता आखडला गेला. ॲस्ट्रिडची कथा मात्र बंद होण्यापाशी संपली नाही: त्याचा प्रोग्राम मुक्त स्रोताचा, म्हणजे कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे चालवता येईल असा होता, आणि त्यातूनच 'टास्क्स डॉट ऑर्ग' हे आजही चालू असलेले अँड्रॉइड ॲप उभे राहिले. विनामूल्य ॲपाचा खर्च कोण आणि कशासाठी सोसतो, हा प्रश्न म्हणूनच संशयखोरपणाचा नाही. वर्गणी घेणारी किंवा एकरकमी किंमत घेणारी कंपनीही बंद पडू शकते, परंतु तिचे उत्पन्न निदान वापरणाऱ्याच्या समाधानाशी बांधलेले असते.

या अनिश्चिततेवर उतारा म्हणजे बाहेर पडण्याचा रस्ता. आपल्या नोंदी दुसऱ्या साधनाला वाचता येतील अशा फाइलमध्ये काढून घेण्याला निर्यात म्हणतात. गूगल टास्क्समधील नोंदी 'टेकआउट' सेवेतून काढता येतात. टूडूइस्ट प्रकल्पांचे तक्ते फाइलरूपात देते. मायक्रोसॉफ्ट टू डूमधील कामे आउटलुकच्या खात्यात साठत असल्याने रस्ता तिकडून जातो. याहून भक्कम मार्ग म्हणजे मुळातच खुल्या स्वरूपात नोंदी ठेवणारी साधने: आयकॅलेंडर मानकातील कामाच्या नोंदी कॅलडॅव्ह या देवघेवीच्या नियमाने एका सर्व्हरवरून अनेक ॲपांत वाचता येतात, तर जिना ट्रपानी यांच्या कल्पनेतून आलेल्या 'टूडू डॉट टीएक्सटी'मध्ये आणि खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या 'ऑर्ग-मोड'मध्ये संपूर्ण यादी ही साध्या मजकुराची फाइलच असते. ऑर्ग-मोड शिकायला कष्ट पडतात आणि सर्वांना त्याची शिफारस करणे योग्य नव्हे; तरी वीस वर्षांपूर्वीची त्यातली फाइल आजही कोणत्याही संगणकावर उघडते, हे या क्षेत्रात फार थोड्या साधनांविषयी म्हणता येते. कायद्याचा आधार प्रदेशानुसार बदलतो. युरोपीय संघाच्या विदासंरक्षण नियमावलीने स्वतःची माहिती एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क दिला आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदासंरक्षण अधिनियमात माहिती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून टाकण्याचा हक्क आहे, पण ती सोबत नेण्याचा स्वतंत्र हक्क नाही. भारतीय वापरकर्त्याने म्हणूनच कंपनीच्या सौजन्यावर न विसंबता निर्यातीची सोय आधीच पाहून घ्यावी.

गोपनीयतेचा प्रश्न याला लागूनच आहे. कार्ययादीत तपासण्यांची नावे, कर्जाचे हप्ते, वकिलाची भेट, मुलाच्या शाळेतील अडचण असे सारे एकत्र सापडते, आणि माणूस दिनदर्शिकेत किंवा पत्रात लिहिताना जितका सावध असतो तितका येथे नसतो. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे नोंद उपकरणातून बाहेर पडण्यापूर्वीच अशी कुलूपबंद होणे की कंपनीलाही ती वाचता येऊ नये, या प्रकारचे संरक्षण ओम्नीफोकस देते आणि ॲपलच्या रिमाइंडर्सला ते 'ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' चालू केल्यास मिळते. वेब ब्राउझरमध्ये चालणाऱ्या बहुतेक लोकप्रिय ॲपांत ते नसते. ज्यांच्या यादीत रुग्णांची किंवा अशिलांची नावे येणार असतील त्यांनी या मुद्द्यावर तडजोड करू नये.

अँड्रॉइडच्या वापरकर्त्यांना एक तांत्रिक गोष्ट माहीत असणे आवश्यक आहे. अनेक कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी पार्श्वभूमीत चालणारी ॲपे थांबवतात, अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवण्यासाठीच परवानगी लागते, आणि १४ पासून अचूक वेळेच्या गजराची परवानगी नव्याने बसवलेल्या बहुतेक ॲपांना आपोआप मिळत नाही. सूचना उशिरा येते किंवा येतच नाही, आणि दोष ॲपला दिला जातो. औषधांच्या वेळांसारख्या गोष्टी सोपवण्यापूर्वी त्या फोनवर, पडदा बंद ठेवून, काही तासांनंतरची सूचना वेळेवर येते का हे तपासणे म्हणूनच कोणत्याही तक्त्याहून अधिक उपयोगी आहे.

भाषेची अडचण सूक्ष्म आहे. टूडूइस्टसारखी ॲपे वाक्यातूनच तारीख ओळखतात, पण 'परवा सकाळी' किंवा 'पुढच्या गुरुवारी' यांना ती दाद देत नाहीत. मराठीत नोंद करणाऱ्याला तारीख बोटाने निवडावी लागते. २०१७ पासून गूगलच्या कळफलकावर मराठी बोलून लिहिता येते आणि त्यामुळे नोंद करणे सोपे झाले असले, तरी शोधाच्या वेळी 'वीज बिल' आणि 'विज बील' ही ॲपच्या दृष्टीने वेगळी कामे राहतात, आणि रोमन लिपीतील नोंदी तर तिसऱ्याच. एका यादीत एकच लिपी आणि शक्यतो ठरलेले क्रियापद वापरण्याची शिस्त येथे शुद्धलेखनाच्या आग्रहासाठी नसून हरवलेली नोंद सापडावी यासाठी हवी. दुसरीकडे, महाराष्ट्रातील माणसाला बहुतेक कामे आज व्हॉट्सॲपवरून येतात: सोसायटीच्या गटातून, शाळेच्या गटातून, वरिष्ठांच्या ध्वनिसंदेशातून. २०२२ मध्ये स्वतःलाच संदेश पाठवण्याची सोय आल्यापासून अनेकांची खरी यादी तेथेच असते, आणि तिच्यात नोंद जितकी पटकन होते तितकीच पटकन ती वर सरकून नाहीशी होते. संदेश 'शेअर' करून थेट नोंद बनवू देणारे ॲप या वास्तवाशी जुळते. ज्यात मजकूर नकलून चिकटवावा लागतो ते काही आठवड्यांतच मागे पडते.

कागदाला या आढाव्यात जागा आहे, आणि ती भूतकाळाच्या ओढीतून दिलेली नाही. रायडर कॅरल यांनी २०१३ मध्ये लोकांसमोर ठेवलेल्या 'बुलेट जर्नल' पद्धतीत महिनाअखेरीस राहिलेली कामे नव्या पानावर पुन्हा हाताने लिहावी लागतात, आणि जे पुन्हा लिहिण्याइतके मोलाचे वाटत नाही ते गळते. ॲपांना जमत नाही ते हेच. ज्यांची कामे मुख्यतः विचाराची आणि थोड्या मुदतींची आहेत, त्यांनी मुदती फोनच्या दिनदर्शिकेत आणि बाकी वहीत ठेवल्यास त्यांना ॲपाची गरज पडेलच असे नाही.

ज्यांना पडेल त्यांच्यासाठी निवडीचा क्रम असा राहतो. जीमेल आणि गूगल कॅलेंडरमध्ये दिवस घालवणाऱ्याला गूगल टास्क्सची मर्यादित रचना बऱ्याचदा पुरते. आउटलुकच्या कार्यालयात टू डू सोयीचे पडते. एकाहून अधिक प्रकारच्या उपकरणांवर आवर्ती कामे आणि प्रकल्प सांभाळणाऱ्याला टूडूइस्ट किंवा टिकटिक यांचा खर्च सार्थ वाटू शकतो. आणि स्वतःच्या नोंदी स्वतःच्या ताब्यात हव्या असणाऱ्याने टास्क्स डॉट ऑर्गपासून सुरुवात करावी. 'नोशन'सारखी, सर्व काही बांधू देणारी साधने प्रकल्पाची माहिती ठेवायला उत्तम असली तरी केवळ कार्ययादीसाठी ती घेणे टाळावे, कारण यादी बांधण्याचे काम यादीतल्या कामांची जागा घेऊ लागते. कोणतेही निवडले तरी पहिल्याच दिवशी जुन्या सर्व याद्या त्यात ओतू नयेत. खरी दहाबारा कामे, त्यांतले एक आवर्ती आणि एक मुदतीचे, भरून ती फाइलरूपात बाहेर काढून पाहावीत आणि दोनतीन आठवडे त्यांच्यावरच दिवस चालवावा. त्यानंतर किती कामांवर खूण झाली हे मोजण्यापेक्षा टेबलावरच्या चिठ्ठ्या, स्वतःला पाठवलेले संदेश आणि न वाचलेल्या म्हणून ठेवलेल्या ईमेल कमी झाल्या का हे पाहावे. त्या तशाच वाढत असतील तर मनाने त्या ॲपावर अद्याप भिस्त ठेवलेली नाही, आणि तोवर वार्षिक वर्गणी भरण्याचे कारण नाही.